कस, वजन आणि धग : चिकपेटेतील गलाई व्यवसाय आणि मूलद्रव्यांचे भौतिक वर्गीकरण

बंगळूरच्या जुन्या पेठेत दोड्डपेट आणि चिकपेट हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या गावाचा गाभा तो हाच. कानडीत ‘दोड्ड’ म्हणजे थोरले आणि ‘चिक्क’ म्हणजे धाकटे. थोरल्या पेठेचा पुढे अ‍ॅव्हेन्यू रोड झाला. धाकटीने मात्र आपले नाव सोडले नाही. रेशमी वस्त्रांच्या दुकानांनी गजबजलेल्या या चिकपेटेला लागूनच नगरतपेट आणि राजा मार्केट हा सराफीचा परिसर पसरला आहे. मराठी माणसाचा या नगराशी असलेला संबंध जुना. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे ठाणे जिंकल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. व्यंकोजींच्या काळातून जात १६८७ मध्ये ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. हा राजकीय इतिहास सर्वश्रुत आहे. त्या मानाने अभ्यासकांच्या नजरेतून बव्हंशी निसटलेला एक मराठी थर सराफीच्या गल्ल्यांत आजही नांदतो. तो गलाई कारागिरांचा. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या कमी पावसाच्या पट्ट्यातील कुटुंबे विसाव्या शतकात सोने-चांदी गाळण्याचे काम घेऊन भारतभरच्या सराफ बाजारांत पोचली. बंगळूर हे त्यांपैकीच एक ठाणे.

गलाईवाल्याच्या पुढ्यात येणारा माल कधीच शुद्ध नसतो. तुटकी साखळी, एका कानातले झुबे, सोनाराच्या कानशीखालचा भुगा, बैठकीखालून झाडून आणलेला केर, अशी ही मोड असते. त्यात काय आहे आणि किती आहे, हे त्याला सांगावे लागते आणि त्या सांगण्यावर व्यवहार ठरतो. उत्तर चुकले तर तूट त्याच्याच गाठीला बसते. म्हणजे रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ‘भौतिक गुणधर्मांवरून मूलद्रव्यांचे वर्गीकरण’ हा आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला रुक्ष वाटणारा पाठ येथे रोजच्या भाकरीचा प्रश्न म्हणून उभा राहतो. त्या पाठाचे मर्म आणि त्याच्या मर्यादा समजून घेण्यास हे दुकान सोयीचे आहे.

प्रथम संज्ञेचा विचार. पदार्थाची मूळ ओळख न बदलता जो गुण पाहता किंवा मोजता येतो, तो भौतिक गुणधर्म. रंग, चकाकी, घनता, काठिण्य, द्रवणांक, उत्कलनांक, वर्धनीयता, तन्यता, नादमयता, उष्णता आणि वीज यांची वाहकता हे सारे त्यात येतात. वितळलेले सोने सोनेच असते. नायट्रिक आम्लात विरघळलेली चांदी मात्र चांदी उरत नाही, तिचे निराळे संयुग होते. आज ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांचे या गुणांवरून धातू, अधातू आणि धातुसदृश असे तीन वर्ग करण्याची प्रथा आहे. त्यांपैकी सुमारे चार पंचमांश धातूच आहेत. नेहमीच्या तापमानाला ११ मूलद्रव्ये वायुरूप असतात आणि पारा व ब्रोमीन ही दोनच द्रवरूप. उरलेली जवळजवळ सर्व स्थायू. एवढे सांगून पाठ्यपुस्तक पुढे जाते. गलाईवाल्याची अडचण मात्र येथून सुरू होते, कारण त्याच्या मुशीत येणारे बहुतेक सारे एकाच वर्गातले, म्हणजे धातूच असतात.

मानवाने धातू ओळखला तो आधी डोळ्यांनी. मूलद्रव्यांची नावे याची साक्ष देतात. कानडीत चांदीला ‘बेळ्ळी’ म्हणतात; त्या शब्दाचे मूळ पांढरेपणात आहे. लोखंडाच्या ‘कब्बिण’ या नावाची फोड ‘काळा धातू’ अशी केली जाते. संस्कृतातील ‘हिरण्य’ पिवळेपणाशी आणि ‘रजत’ शुभ्रतेशी नाते सांगतो. युरोपातील रसायनज्ञांनीही नवी नावे ठेवताना ग्रीक भाषेतून हाच मार्ग धरला : क्लोरीन हिरवट म्हणून, आयोडीन जांभळ्या वाफेवरून, इरिडियम त्याच्या संयुगांच्या इंद्रधनुषी रंगांवरून, ब्रोमीनच्या वाट्याला तर त्याची दुर्गंधीच आली.

तथापि रंग हा धातूंच्या बाबतीत फारच अपुरा साक्षीदार आहे. नेहमीच्या धातूंत ठळक रंग असलेले दोनच, सोने आणि तांबे. ते प्रकाशातील निळा भाग शोषून घेतात, म्हणून पिवळे-तांबडे दिसतात. बाकीचे सारे पांढरट किंवा करडे. चांदी, कथील, जस्त, निकेल, प्लॅटिनम यांच्या घासून चकचकीत केलेल्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर सामान्य डोळ्याला फरक सांगणे कठीण जाते. पूजासाहित्याच्या दुकानांतून ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूत तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी औषधालाही नसते. पिवळ्या रंगाची फसवणूक त्याहून जुनी. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि त्याचा रंग सोन्याच्या जवळ जातो. ‘पितळ उघडे पडणे’ हा मराठी वाक्प्रचार मुलामा झिजल्यानंतरचा क्षण टिपतो आणि रंगावरून केलेल्या वर्गीकरणाची मर्यादा तीन शब्दांत सांगतो.

यावर सराफाने शोधलेला उपाय म्हणजे कसोटी. काळ्या, बारीक कणांच्या, गुळगुळीत दगडावर डाग घासायचा; उमटलेल्या रेघेशेजारी शुद्धता माहीत असलेल्या काड्यांच्या रेघा ओढायच्या आणि रंग ताडून पाहायचा. घासल्याने मुलाम्याखालचे द्रव्य वर येते आणि काळ्या पार्श्वभूमीवर छटेतला सूक्ष्म भेदही डोळ्याला दिसतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात निकषावरील रेघेची ही परीक्षा सविस्तर आली आहे. घासताना करण्यात येणाऱ्या लबाड्यांचीही तेथे नोंद आहे, हे विशेष. ‘कष्’ म्हणजे घासणे. त्यापासून आलेला ‘कस’ मराठीने केवळ सराफाच्या गादीवर ठेवला नाही. हिणकस म्हणजे हीन कसाचे. कसदार जमीन, सकस अन्न, निकस आहार, बावनकशी सोने, कसाला लागणे, कसोटीचा प्रसंग : एका भौतिक गुणधर्माच्या परीक्षेतून निघालेला हा शब्दसंसार शेतापासून माजघरापर्यंत पसरला आहे. कस शब्दाला ‘सत्त्व’ हा अर्थ आला तो या व्यवहारातूनच, असे मानण्यास जागा आहे. जे घासून दिसते ते आतले, ही त्यामागची धारणा असावी.

रंगानंतर वजन, किंवा शास्त्रीय परिभाषेत घनता. एक घन सेंटिमीटर सोने १९.३ ग्रॅम भरते. तेवढ्याच आकाराचे शिसे ११.३, चांदी १०.५, तांबे ८.९६, लोखंड ७.९, तर कथील ७.३ ग्रॅम. हातात घेताच ‘जड लागते’ असे जुना कारागीर म्हणतो, तेव्हा तो हाच भेद तळहाताने मोजत असतो. पाण्यात तोलल्यास तो काट्यावर दिसतो. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, शुद्ध सोने पाण्यात बुडवून तोलले तर सुमारे ०.६० ग्रॅमने हलके भरते. तेवढ्याच वजनाची चांदी १.११ ग्रॅमने, आणि पितळ त्याहूनही अधिक. आकार कसाही वेडावाकडा असो, ही परीक्षा चालते. झारेकऱ्याची कलाही घनतेवरच उभी आहे. सोनाराच्या दुकानातील केर पाण्यात हलवत धुतला की माती वाहून जाते आणि सोन्याचा कण तळाशी राहतो. येथे घनता ओळख पटवते आणि वेगळेही करते. असे भाग्य फार थोड्या गुणधर्मांना लाभते.

घनतेवर भिस्त ठेवून शास्त्रज्ञही एकदा अडखळले होते. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. त्यांना धातूची चकाकी होती, ते वीज वाहून नेत होते, पण पाण्यावर तरंगत होते. धातू म्हणजे जड, ही समजूत इतकी दृढ होती की यांना धातू न म्हणता ‘धातूसारखे’ म्हणावे, असा प्रस्ताव १८०८ मध्ये पुढे आला. ती संज्ञा पुढे दुसऱ्याच मूलद्रव्यांना चिकटली. सोडियम धातूंतच राहिला आणि धातूच्या व्याख्येतून जडपणाची अट गळाली. उलट उदाहरणही आहे. १८६९ मध्ये मेंडेलेयेव्ह यांनी अणुभारांच्या क्रमाने आवर्तसारणी मांडली आणि तिच्यातील रिकाम्या जागी बसणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच सांगून ठेवले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले, तेव्हा त्याची घनता ४.७ मोजली गेली. मेंडेलेयेव्ह यांनी तो धातू पाहिलाही नव्हता, तरी ही घनता ५.९ च्या आसपास असली पाहिजे, नमुना पुन्हा शुद्ध करावा, असे त्यांनी कळवले. तसे केल्यावर आकडा ५.९ च आला. वर्गीकरण नेमके असेल तर ते मोजमापाची चूकही दाखवते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

घनतेलाही चकवा देणारे एक मूलद्रव्य आहेच : टंगस्टन, घनता १९.२५. सोन्याच्या लगडीच्या पोटात ते दडवले तर तोळ्यामागे पाण्यातील वजनाचा फरक दोन मिलिग्रॅमहूनही कमी पडतो. साध्या काट्याला तो कळणे अशक्य. रंग वरच्या सोन्याचा, वजन सोन्याइतके. अशा वेळी उपयोगी पडते ती धग. सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, टंगस्टन ३४२२ अंशांना. मुशीत सोने पाण्यासारखे होते आणि टंगस्टन जसेच्या तसे राहते. सराफ बाजारात अनोळखी माल ‘गाळून घेऊ’ असे म्हणतात, त्यात वितळवून एकजीव करण्याच्या गरजेइतकाच हा संशयही असतो.

द्रवणांकाने धातूंची केलेली वाटणी रंगाहून फार वेगळी पडते. कथील २३२, शिसे ३२७ आणि जस्त ४२० अंशांना वितळते. चांदी ९६२, सोने १०६४ आणि तांबे १०८५ अंशांना. लोखंड १५३८ आणि प्लॅटिनम १७६८ अंशांना. यात एक गोम आहे. नेमका द्रवणांक हा शुद्ध मूलद्रव्याचा गुण. मिश्रधातू बहुधा तापमानाच्या एका पट्ट्यात वितळतो आणि कित्येकदा आपल्या घटकांहून लवकर. सोने आणि तांबे यांचे विशिष्ट प्रमाणातील मिश्रण दोहोंच्याही खूप आधी, ९१० अंशांच्या आसपास वितळते. मूळ दागिना शाबूत ठेवून डाक आधी वितळते ती याच न्यायाने.

उत्कलनांकाचा विषय येथे थोडा सविस्तर घेतला पाहिजे, कारण तो कारागिराच्या देहाशी भिडतो. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे सोने वितळण्यापूर्वीच. जस्ताचे हीण असलेली मोड मुशीत तापली की पांढरा धूर उठतो आणि अनुभवी माणूस त्या धुरावरून हीण ओळखतो. कॅडमियम तर ७६७ अंशांनाच उकळते. सोन्याच्या डाकेत ते वापरण्याची पद्धत काही दशके जोरात होती. सराफांच्या पाट्यांवरील ‘केडीएम’ ही अक्षरे त्याचीच खूण. कॅडमियमची वाफ फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांना घातक असल्याने ती पद्धत पुढे मागे पडली. दागिना घालणाऱ्याला यातले काही जाणवत नव्हते. डाक लावणारा आणि पुढे तोच दागिना गाळणारा, या दोघांच्या श्वासात मात्र ते जात होते. पाठ्यपुस्तकाच्या कोष्टकात उत्कलनांक हा एक निरुपद्रवी आकडा असतो. दहा बाय बाराच्या, एकच झरोका असलेल्या खोलीत हवेत काय मिसळेल, हे तो आकडाच ठरवतो.

वर्धनीयता आणि नाद यांविषयी थोडक्यात. हातोडीखाली पसरणे आणि तार ओढली जाणे या दोन्ही गुणांत सोने अग्रेसर. एका ग्रॅमची सुमारे दोन किलोमीटर तार निघू शकते. हीण वाढले की धातू ताठर होतो, आणि शिशाचा अंश शिरला तर सोने ठिसूळ होऊन पत्रा ठोकताना कडा फाटतात. नादाची परीक्षा नाण्यांबरोबर संपली. ‘खणखणीत’ हे विशेषण तेवढे मागे उरले.

या गुणांना एकत्र गुंफून वर्ग पाडण्याची दृष्टी भारतीय रसशास्त्रात होती. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथाने लोहांचे तीन गट केले : सोने, चांदी, तांबे व लोखंड ही शुद्ध लोहे, शिसे आणि कथील ही पूतिलोहे, पितळ, कासे व वर्तलोह ही मिश्रलोहे. ‘पूति’ म्हणजे दुर्गंधी. तापवल्यावर येणारा वास ही तेथे ओळख आहे, आणि चटकन वितळणारे दोन मऊ धातू आपोआप एका गटात आले आहेत. मिश्रलोहांचा गट निराळा काढणे ही त्याहून मोलाची गोष्ट. पितळ हे स्वतंत्र द्रव्य नसून मिश्रण आहे, हे त्यात गृहीत आहे. ‘रसार्णवा’ने तर ज्योतीच्या रंगांवरून, तांब्याची निळी, कथिलाची पारव्यासारखी, असे भेद नोंदवले. अर्थात, यावरून प्राचीनांना आवर्तसारणी अवगत होती असे अनुमान काढण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. मूलद्रव्याची आधुनिक कल्पना तेथे नाही. आहे ते बारीक निरीक्षण, आणि त्याचे मोल तेवढ्याने कमी होत नाही. जाता जाता, ‘धातू’ हा शब्दच धारण करण्याच्या कल्पनेतून आलेला. वैयाकरणांनी तो क्रियापदाच्या मुळाला दिला, वैद्यांनी शरीर धारण करणाऱ्या सप्तधातूंना, आणि खाणीतल्या द्रव्यांनाही तोच मिळाला.

भौतिक गुणधर्मांच्या भरवशावर वर्ग पाडताना सर्वांत मोठी अडचण उभी करणारे मूलद्रव्य गलाईच्या दुकानात दोन रूपांत हजर असते. ज्या काळ्या मुशीत सोने वितळते ती ग्रॅफाइटची, आणि मोडीतल्या अंगठीवरून काढून ठेवलेला खडा हिऱ्याचा. दोन्ही कार्बन. ग्रॅफाइट मऊ, काळे, कागदावर उमटणारे. हिरा नैसर्गिक द्रव्यांत सर्वांत कठीण आणि पारदर्शक. ग्रॅफाइटची घनता सुमारे २.२, हिऱ्याची ३.५. कार्बन अधातू, तरीही ग्रॅफाइटला चकाकी असते आणि ते धातूप्रमाणे वीज वाहून नेते; हिरा वीज वाहून नेत नाही, परंतु उष्णता मात्र चांदी-तांब्याहूनही वेगाने नेतो. अणू तेच, त्यांची रचना निराळी. रंग, काठिण्य, वाहकता हे गुण एकट्या अणूचे नसून अणूंच्या मांडणीचेही असतात, हे या दोन वस्तू शेजारी ठेवल्यावर कळते. सोन्याबाबतही असेच. आम्लातून निघालेले शुद्ध सोने तपकिरी चूर्णाच्या रूपात खाली बसते. नवख्याला ती विटकरीची पूड वाटावी. वितळवून लगड केली की पिवळेपणा परत येतो.

ओळख पटली, तरी वेगळे करणे बाकीच असते. सोने आणि चांदी यांच्या घनतेत जवळजवळ दुपटीचा फरक आहे, रंग निराळे आहेत, द्रवणांकांत शंभर अंशांचे अंतर आहे. तरीही एकत्र वितळल्यावर ती कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. दोघांच्या अणूंचा आकार जवळजवळ सारखा आणि स्फटिकातील मांडणीही तीच. मुशीतील चांदी वर आणि सोने खाली, असे कधीही होत नाही. येथे भौतिक गुणधर्म थांबतात आणि आम्ल पुढे येते. मोडीत चांदी घालून सोन्याचे प्रमाण चौथ्या हिश्श्यापर्यंत उतरवतात, पातळ करून नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोने उरते. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्टीवर परत जमवतात आणि द्रावण निळे होत जाते. या क्रियेत उठणारा तांबूस-तपकिरी वायू हवेहून जड असतो. तो खाली साचतो, आणि गलाईवाला जमिनीलगत बसून काम करतो.

अलीकडे सराफांच्या गादीवर क्ष-किरणांचे यंत्र आले आहे. डाग आत ठेवला की मिनिटाच्या आत सोने, चांदी, तांबे यांची टक्केवारी पडद्यावर येते. क्ष-किरणांनी चेतवलेले प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक तरंगलांबीचे किरण परत सोडते, यावर ते चालते. या किरणांचा आणि अणुक्रमांकाचा नेमका संबंध हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये दाखवला, आणि आवर्तसारणीचा पाया अणुभारावरून अणुक्रमांकावर सरकला. दोन वर्षांनी, सत्ताविसाव्या वर्षी, ते गॅलिपोलीच्या रणांगणावर पडले. म्हणजे यंत्रही एक भौतिक गुणधर्मच वाचते. फक्त तो अणूच्या मांडणीवर जवळजवळ अवलंबून नसतो, म्हणून ग्रॅफाइट-हिऱ्यासारखा पेच त्याच्यापुढे येत नाही. त्याची दुबळी बाजू निराळी : सोन्यात त्याची नजर पृष्ठभागाखाली काही मायक्रॉनपलीकडे जात नाही. जाड मुलाम्यापुढे ते कसोटीच्या दगडाहूनही भाबडे ठरू शकते, कारण दगडावर निदान घासले तरी जाते.

यंत्राच्या पावतीवर रोमन चिन्हे आणि दशांश असतात. कस हा शब्द तिच्यावर नसतो. बंगळुरात वाढलेली गलाई कुटुंबांची नवी पिढी धातूंची नावे पावतीतून शिकते, गिऱ्हाइकाशी कानडीत आणि व्यापाऱ्याशी हिंदीत बोलते. मूस, मोड, हीण, तूट, डाक हे शब्द घरातल्या मराठीत अजून आहेत. कोशकारांनी ते कारागिरांच्या तोंडून, त्यांच्या नेमक्या व्यावसायिक अर्थांसह टिपून घेण्याचे काम फारसे झालेले नाही. परिभाषा घडवताना ‘वर्धनीयता’ आणि ‘तन्यता’ हे संस्कृतोद्भव शब्द आपण बनवले, ते आवश्यकही होते. परंतु ज्यांच्या हाताखाली धातू रोज वाढत आणि ताणला जात होता, त्यांना त्यासाठी काय म्हणतात, हे विचारण्याची तसदी घेतली गेली नाही.

शुद्धतेवरून वाद उद्भवला, तर आजही यंत्राचा आकडा अंतिम धरला जात नाही. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कसाठीही निर्णायक परीक्षा अग्नीचीच आहे. डागाचा अल्पसा तुकडा कापून तोलतात. त्यात चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र वाटीत ठेवून भट्टीत घालतात. शिसे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून तांब्यादी हीण सोबत घेते आणि वाटीत मुरते. वर सोन्या-चांदीचा मणी राहतो. तो चपटा करून आम्लात उकळला की चांदी निघून जाते. मागे उरलेला तपकिरी पापुद्रा पुन्हा तापवून पिवळा करतात आणि काट्यावर ठेवतात.